पाच लिटरचं मशीन आणि कुत्र्यांची पेटी

३ जून २०२५

आजपासून ही वही. गेल्या महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या एका मास्तरांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. काचेच्या नळकांड्यात एक गुबगुबीत कुत्रं पसरलेलं, बाहेर मालकीण खुर्चीत बसलेली, आणि खाली ओळ : ऑक्सिजनने सांध्यांची, जखमांची, मणक्यांची, सगळीच सूज उतरते. मास्तर म्हणाले, "मॅडम, आपल्या इकडे असं काही होऊ शकते का?" मी हसून विषय सोडला. पण टिपेश्वर अभयारण्याच्या अंगाच्या गावांतून रानडुकराने फाडलेली कुत्री माझ्या जनावरांच्या दवाखान्यात महिन्याला तीन-चार येतात. जागलीवरची, रात्री शेत राखणारी कुत्री, सगळी गावठी. पाय खांबासारखा सुजलेला, त्यात किडे. त्यांच्यासाठी काही करता आलं तर पाहू.

आधी डोक्यातलं कागदावर. सुजलेल्या जागी पाणी साचतं, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि पेशी रक्तापासून लांब पडतात. तिथे ऑक्सिजन कमी पोचतो. जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना नेमका तोच लागतो, नवीन मांस भरायलाही तोच लागतो. म्हणून जास्तीचा ऑक्सिजन द्यायचा, ही कल्पना चुकीची नाही. अडचण अशी की धडधाकट कुत्र्याचं हिमोग्लोबिन साध्या हवेतच जवळपास पूर्ण भरलेलं असतं. भरल्या माठात आणखी ओतून काय होणार? उरतो तो फक्त रक्ताच्या पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन. साध्या हवेवर तो १०० मिलिलिटर रक्तात ०.३ मिलिलिटर, शुद्ध ऑक्सिजनवर २ च्या आसपास, आणि दाब तिप्पट केला तर ६ च्या जवळ. शरीराची बसल्या जागीची गरज साधारण तेवढीच असते.

म्हणजे त्या नळकांड्याची खरी करामत दाबाची. अ‍ॅमस्टरडॅमचे शल्यविशारद बोएरेमा यांनी १९६० च्या सुमारास डुकरांचं रक्त काढून त्या जागी लाल पेशी नसलेला द्रव भरला, आणि तिप्पट दाबाखाली ऑक्सिजनवर ती जिवंत ठेवली. माझ्याकडे दाब नाही. दोन खोल्यांचा दवाखाना आहे आणि मागे आईचं स्वयंपाकघर.

५ जून

धाकट्या काकांच्या मुलाचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याला सांगितलं तर डोळे चमकले त्याचे. "ताई, माह्याकडे कॉम्प्रेसरची जुनी टाकी पडून हाय. तोंड कापतो, झाकण बसवतो, रबर लावतो. पायजे तेवढा दाब भर."

मी कागद घेतला. टाकीचं तोंड ६० सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २,८०० चौरस सेंटिमीटर. आत बाहेरच्यापेक्षा एकच वातावरण दाब जास्त ठेवला, तरी झाकणावर जवळपास २,९०० किलोचा रेटा. कापसाची एक गाठ १७० किलोची. सतरा गाठी त्या झाकणावर आतून ढकलून राहिल्या, असं समज म्हटलं.

"अन् बिजागरी?"

"तुझ्या वेल्डिंगची."

तो गप्प झाला. मग १९६७ सालचं सांगितलं : अपोलो १ च्या सरावात यान जमिनीवरच होतं, आत शुद्ध ऑक्सिजन भरलेला, ठिणगी कुठेतरी वायरिंगमध्ये पडली आणि तिघे अंतराळवीर दार उघडायच्या आत गेले. टाकीचा विषय बंद. तो मात्र जाता जाता म्हणाला, "टाकी ठेवतो पण बाजूले."

मऊ, फुगवायच्या पिशवीसारखे कमी दाबाचे कक्षही मिळतात. १.३ वातावरण दाबाचे, आणि त्यात बऱ्याचदा साधी हवाच भरतात. तोही हिशेब मांडला. २१ गुणिले १.३ म्हणजे २७. साध्या दाबावर २७ टक्के ऑक्सिजन हुंगल्याएवढंच ते झालं. तेवढ्यासाठी लाखांच्या घरातली पिशवी कशाला? साध्या पेटीत ४० टक्के ठेवले तरी त्यापेक्षा जास्त मिळतो.

ठरलं : दाब नाही. पारदर्शक पेटी, ४० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन. नळकांड्याची बरोबरी होणार नाही हे माहीत असून.

११ जून

मशीन मिळालं. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत एका कुटुंबाने आजोबांसाठी घेतलेलं, मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं कॉन्सन्ट्रेटर. आजोबा वाचले, मशीन माळ्यावर गेलं. आजीने स्वतः खाली उतरवायला लावलं आणि वर हळदीकुंकवाचं बोट लावून दिलं.

लावून पाहिलं तर पिवळा दिवा. मीटरवर ७१ टक्के. चांगल्या मशीनला ९० च्या वर हवेत. आत झिओलाइटचे दाणे असतात. हवा दाबून त्यांतून सोडली की ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब सोडला की नायट्रोजन बाहेर फेकतात, अशी दोन नळकांड्यांची आळीपाळी. पण हे दाणे दमट हवेत पाणीही धरतात आणि मग नायट्रोजनला जागा उरत नाही. चार पावसाळे माळ्यावर. दोष कोणाचाच नाही.

नागपूरला पाठवलं. दाणे बदलायचा खर्च ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात शेळी आली असती." बाबा प्रत्येक खर्च शेळीत मोजतात.

१९ जून

मशीन परत आलं, ९२ टक्के. पेटीही उभी राहिली : ९० बाय ६० बाय ६०, अ‍ॅल्युमिनियमचे कोपरे, पॉलिकार्बोनेटचे पत्रे, पुढे सरकतं दार. भावाने दाराला फ्रिजचं रबर लावलं. पोटात सव्वातीनशे लिटर हवा मावते.

रिकामी पेटी पाच लिटरवर लावून चहा प्यायला गेले. गणिताने ४० टक्क्यांना २० मिनिटं लागायला हवी होती, लागली ३५. फट कुठे आहे ते अगरबत्तीने शोधू म्हटलं आणि काडी हातात घेतल्यावर भान आलं. ऑक्सिजनच्या पेटीभोवती अगरबत्ती! साबणाच्या फेसाने शोधली. दाराच्या खालच्या कोपऱ्यात बुडबुडे येत होते.

त्याच संध्याकाळी आईचे देव मागच्या खोलीत गेले. आई कुरकुरली, पण दिवा आणि पेटी एका भिंतीला नको हे तिला पटलं. दवाखान्याच्या दारावर पाटी : बिडी, काडेपेटी, अगरबत्ती बाहेर. बाहेरच्या बाकाखाली बिड्या विझवायला वाळूचा डबा.

२३ जून

आजचा दिवस कार्बन डायऑक्साइडचा. व्हिडिओत हे कोणी दाखवत नाही.

अठरा किलोचं शांत बसलेलं कुत्रं मिनिटाला शंभरेक मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. आत ५,००० मिलिलिटर येतात, तेवढेच बाहेर जातात. म्हणजे काही वेळाने पेटीत दोन टक्के साचणार. धापणाऱ्या कुत्र्याचं त्याहून जास्त. मला एक टक्क्याच्या आत हवं. भोकं पाडली तर ऑक्सिजन जातो, न पाडली तर श्वास कोंडतो.

उत्तर भूल देण्याच्या यंत्रातलं : कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाईम. तो मुख्यतः चुनाच, थोडा कॉस्टिक सोडा आणि पाणी घालून दाणेदार केलेला. भावाने लगेच पानठेल्याकडे बोट दाखवलं. नाही रे, भुकटी उडून डोळ्यांत-फुप्फुसात जाईल. दाणेच हवेत, मधून हवा जायला पाहिजे. नागपूरहून पाच किलो मागवला. पांढरे दाणे संपत आले की जांभळे होतात, तेव्हा बदलायचे. प्लास्टिकच्या डब्याला दोन्ही बाजूंनी जाळी मारून त्यात भरले. पंख्याची मोटर पेटीच्या बाहेर, फक्त पाती आत. मोटर आत ठेवायची नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवते.

२७ जून

पाऊस लांबला. बाहेर ३६, हवेत दमटपणा, आणि भरलेली पेटी म्हणजे बंद गाडी. आमचंच पाळलेलं कुत्रं, काळू, अर्धा तास आत ठेवलं, मी समोर बसून. वीस मिनिटांत आत ३८ अंश, पत्र्यावर वाफ, काळूची जीभ बाहेर. पंजे सोडले तर कुत्र्याला घाम येत नाही, धाप हाच त्याचा कुलर. दमट हवेत तोही बंद. ऑक्सिजन देऊन उष्माघात करायचा काय?

कुलरवरूनच सुचलं. कुलरची पाण्याची मोटर बाहेर बर्फाच्या बादलीत, तांब्याची नळी गुंडाळून पेटीच्या छताशी, पंख्याचा वारा तिच्यावरून. नळीवर आतली वाफ थेंब होऊन गळते, खाली ताटली. दोन तासांत आत २८. बर्फाची बादली दीड तासाला बदलावी लागते, बर्फवाल्याशी खातं उघडलं. या सगळ्या यंत्रात सर्वात जास्त कामाची वस्तू म्हणजे ही कुलरची मोटर. ऑक्सिजन दुसऱ्या नंबरावर.

२ जुलै

पहिला पेशंट. मोती, दोन-अडीच वर्षांचा, १९ किलो. मालक पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा म्हातारा, सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून त्यात मोतीला घेऊन आला. तीन दिवसांपूर्वी तुरीच्या धुऱ्यावर डुकराने मागची मांडी फाडली. घरी त्यांनी जळालं ऑइल लावलं होतं. ट्रॅक्टरचं. इकडे खरजेपासून खुरापर्यंत सगळ्यावर तेच लावतात.

मी पेटीकडे पाहिलं आणि हातच थांबले. तेलाने माखलेलं कुत्रं आणि वाढीव ऑक्सिजन. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या नळालासुद्धा तेलाचा हात लावू नये, असं शिकलो आहोत आम्ही. त्यात किडे पडलेले, आणि किड्यांवर आमचा नेहमीचा उपाय टर्पेंटाईन, तोही पेट घेणारा. आज दोन्ही बंद.

मोतीला भुलीचं हलकं इंजेक्शन. मांडीवरचे केस कापले. भांड्याच्या साबणाने तीन वेळा धुतलं, पाण्यावर काळा तवंग येत राहिला. मग चिमट्याने एकेक किडा. जखमेचं तोंड दोन बोटांचं, पण आत हाडाकडे वळलेला खिसा, बोट पूर्ण आत जायचं. किडे खिशाच्या टोकाला डोकं आत करून बसलेले, शेपट्यांची पांढरी टोकं श्वासासाठी वर. पहिला ओढला की बाकीचे आत सरकतात. सलाईनची धार मारायची, थांबायचं, ते वर येतात, उचलायचे. सत्तावीस मोजले. म्हातारा बाजूला उकिडवा बसून प्रत्येक किड्याला "अजून एक" म्हणत होता.

घोट्याच्या चार बोटं वर शिंप्याच्या टेपने माप : २४.५ सेंटिमीटर. चांगला पाय १७. अँटिबायोटिक, सुजेवरचं मेलोक्सिकॅम पहिल्या दिवसाचं ०.२ मिलिग्रॅम किलोमागे. मग सुकवून पेटीत, ४० टक्के, एक तास.

"बाई, यानं सुजन उतरते का जी?"

"पाहू," म्हटलं.

३ जुलै

मोती २३. सकाळ-संध्याकाळ तास-तास.

४ जुलै

२१.५. खातो आहे. म्हाताऱ्याने पोडावर बातमी पोचवलेली दिसते. दोघे जण नुसती पेटी पाहायला आले.

७ जुलै

मोती १८.५, टाके नाहीत, जखम उघडी ठेवून भरू देते आहे. तीन पायांवरून चारवर आला.

म्हातारा पेटीला हात लावून पाया पडला. मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी खटकलं. पाय कशाने उतरला? तेल काढल्याने, किडे काढल्याने, पू वाहून गेल्याने, औषधाने, का पेटीने? मी सगळं एकदम केलं आहे. ही वही कामाची व्हायची तर पुढच्या वेळेला हिशेब वेगळा ठेवावा लागेल.

१५ जुलै

तशीच जखम, दुसऱ्या गावची कुत्री, राणी. तिला मुद्दाम पेटीत घातलं नाही. बाकी सगळं मोतीसारखं : साबण, चिमटा, सलाईन, तीच औषधं. पाचव्या दिवशी, म्हणजे आज, तिचा पाय मोतीच्या पाचव्या दिवसाएवढाच उतरला. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक, तो टेप ओढण्यातलाही असेल.

दोन कुत्र्यांवरून शास्त्र होत नाही. पण फुप्फुस धडधाकट, रक्त चांगलं, फक्त पाय सुजलेला, तर बिनदाबाची पेटी तिथे फारसं काही करत नसावी, असा जो हिशेब पहिल्या पानावर मांडला होता त्याला हे धरून आहे. रक्तात विरघळलेला ऑक्सिजन ०.३ चा ०.७ झाला, एवढंच.

भावाला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मेहनत त्याची होती.

१९ जुलै

रात्री साडेनऊ. वाघ्या, काळा, २२ किलो. कुटाराच्या खोलीत उंदरामागे गेला आणि तोंडावर परड चावली. पुस्तकात घोणस म्हणतात, इथे परडच. मालकाने साप मारून पिशवीत आणलेला, अंगावर साखळीसारखे डाग, शंका नाही.

तोंड दुधी भोपळ्याएवढं. डावा डोळा दिसेना. गळ्यातला चामड्याचा पट्टा सुजेत इतका रुतला होता की बकल सापडत नव्हतं. पत्रा कापायच्या कात्रीने कापला, खालची कातडी पांढरी पडून खोल वळ उठलेला. सुजेच्या पेशंटचा पट्टा आधी काढा, हे घरी फोनवरच सांगायला हवं होतं.

कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटं न हलवता. घरातलं घड्याळ मोठ्याने टिकटिकत होतं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं काठापर्यंत वाहिलं. गोठलंच नाही, म्हणजे विष रक्तात भिनलेलं. सर्पविषावरची लस सुरू केली, दोन बाटल्या सलाईनमधून सावकाश, लसीची रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन भरून हाताशी. ही लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरची एकत्र.

मालक म्हणाला, "सुजन उतरायची गोळी द्या ना आधी." हीच गोळी आज द्यायची नाही, दादा. मेलोक्सिकॅमच्या जातीची औषधं मूत्रपिंडावर ताण टाकतात आणि रक्तस्राव वाढवतात. परडीने दोन्हीकडे आधीच घाला घातला आहे. वेदनेसाठी दुसरं इंजेक्शन दिलं. येण्याआधी घरी माणसांची दुखण्यावरची गोळी, डायक्लोफेनॅक, दिली का विचारलं, नशिबाने नाही. ते औषध दिलेली मेलेली ढोरं खाऊन गिधाडं मरत, म्हणून २००६ मध्ये ते जनावरांना बंद झालं, पण घरातल्या डब्यात माणसांचं असतंच, आणि कुत्र्याच्या पोटाला ते सोसत नाही.

पेटीत घातला, कारण नाकपुड्या सुजेने मिटत आल्या होत्या आणि श्वासाला घरघर होती. ४० टक्क्यांवर घरघर तशीच राहिली, पण उठ-बस थांबली, मान टाकून झोपला. पहाटे चारला पुन्हा नळी : गुठळी धरली.

२२ जुलै

वाघ्याची सूज तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली उतरली, पाण्याच्या पखालीसारखी लोंबते आहे. लघवी स्वच्छ. विष ऑक्सिजनने उतरत नाही, लसीने उतरतं, आणि उरलेली सूज आपल्या चालीने जाते. पेटीने त्याला एक रात्र निभावून दिली. त्या रात्रीपुरती तिची किंमत मी कमी धरत नाही.

८ ऑगस्ट

उजाडलं तरी झोप नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

काल दुपारी तीनला शेरू आणला, १५ किलो. पराटीवर, म्हणजे कपाशीवर फवारणी चालू होती, औषध कालवलेल्या ड्रममधलं पाणी प्यायला. लाळेच्या तारा, बाहुल्या मोहरीएवढ्या, अंगभर फडफड, छातीत पाण्याचा गुळगुळ आवाज. या जिल्ह्यात हे चित्र माणसांचंही पाहिलेलं आहे. २०१७ साली फवारणी करता करता शेतकरी आणि मजूर दगावले. मालकाच्या अंगावर अजून तोच शर्ट होता. त्यालाच आधी नळाखाली उभं केलं.

हिरड्या जांभळ्या. ऑक्सिजन मोजायचा चिमटा ओठाला लावला तर काळ्या कातडीवर आकडाच धरेना. आतल्या गुलाबी कडेला लावला : ८१ टक्के. या विषावरचा उतारा अ‍ॅट्रोपिन, छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. इथे पेटीचा उपयोग नाही, कारण हात सतत कुत्र्यावर हवा. लहान बाळाला दूध पाजायची बारीक नळी घेतली, नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत माप धरून शाईची खूण केली, बधिर करणारी लिग्नोकेनची जेली लावली. नाकपुडी वर ढकलून नळी आत आणि खाली सोडायची, खूण नाकाशी आली की थांबायचं. कपाळावरच्या केसांना एक टाका, नळी त्यात अडकवली. मिनिटाला सव्वा लिटर. पाच मिनिटांत ८१ चे ९३. हिरड्या माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी झाल्या.

दोन महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की हे मशीन आणलं ते बरं केलं.

पण मध्ये त्याने उलटी केली आणि थोडी श्वासात गेली. रात्री नऊला ताप १०४, छातीच्या उजव्या खालच्या भागात चरचर, श्वास मिनिटाला ७०. फुप्फुसाची सूज. ही ती सूज, जिथे ऑक्सिजन कमी पडतोच, कारण दारच सुजलेलं आहे. आता फडफड थांबली होती, म्हणून पेटीत, ४५ टक्के, अँटिबायोटिक चालू.

रात्री २ वाजून १० मिनिटांनी लाईट गेली. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी, मशीन साडेतीनशे वॅट ओढतं. घट-तोटा धरून कागदावर तीन तास, पण बॅटरी जुनी. पावणेदोन तासांत शिट्टी वाजली. बी टाईप सिलिंडर लावला, पंधराशे लिटर, पाच लिटरने पाच तास. हात साबणाने धुऊन, कोरडे करून नळ उघडला. कुलरची मोटर बंद म्हणून बर्फाच्या बाटल्या पेटीच्या छतावर आणि दार बोटभर उघडं. आई कंदील घेऊन आली, दारातच थांबली आणि परत गेली. पाटी तिने लक्षात ठेवली होती. टॉर्च घेऊन आली.

लाईट ५ वाजून ४० मिनिटांनी.

१० ऑगस्ट

शेरू साध्या हवेवर ९१, पेटीत ९६. पेटीतला ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आणला. एका दिवसापेक्षा जास्त ठेवायचं तर ६० च्या वर न्यायचं नाही. जास्त ऑक्सिजन दीर्घकाळ दिला की फुप्फुसच सुजतं, हे १८९९ मध्ये लॉरेन स्मिथ यांनी उंदरांवर दाखवलं होतं. सूज उतरवायला आणलेला ऑक्सिजन सूज आणतो. मास्तरांना हे सांगायचं आहे.

सोडा लाईम जांभळा, बदलला.

१३ ऑगस्ट

साध्या हवेवर ९५. शेरूने वरणभात खाल्ला. घरी गेला. फवारणीच्या ड्रमला झाकण करून देणार, असं भावाने मालकाला सांगितलं, पैसे न घेता.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. आज बाहेरच्या बाकावर गर्दी बैलांच्या मालकांची, शिंगांना लावायचा रंग चालतो का विचारायला. पेटी रिकामी, तिच्यावर आईने तोरणाची आंब्याची पानं ठेवली होती, मी काढली.

मास्तर आले. त्यांच्या म्हाताऱ्या लॅब्राडोरच्या कंबरेला वात, पेटीत घालायचं म्हणतात. तासाला किती घेता? मी नाही म्हटलं. ऑक्सिजन मोजला, ९८. त्याला पेटीत मिळणार ते फुकटचं उकडणं. ३९ किलो वजन आहे, ते ३० वर आणा, फरशीवर पोतं टाका, रोज सकाळी सावकाश चालवा. दाबाचा कक्ष मोठ्या शहरात असेल तर तिथल्या डॉक्टरांना विचारा, पण कुत्र्यांच्या सांध्यांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत, आणि कान फुटणं, झटके येणं हे धोकेही विचारून घ्या. मास्तर थोडे नाराज झाले. व्हिडिओ पुन्हा उघडून दाखवला.

३० ऑगस्ट

दवाखान्याच्या भिंतीवर कागद लावला, पेटीत कोण जाणार त्याचा. ऑक्सिजन ९३ च्या खाली, किंवा हिरड्या निळ्या, किंवा तोंडाने ओढून श्वास. नुसती सूज असेल तर नाही. तेल, टर्पेंटाईन, स्पिरिट अंगावर असेल तर आधी आंघोळ. आत ३० अंशांच्या वर गेलं की दार उघडा, मग ऑक्सिजन गेला तरी चालेल.

बाबांनी वाचला. "म्हणजे महिन्यातून एखादंच कुत्रं." हो. "मंग शेळीच बरी होती," म्हणाले, आणि इन्व्हर्टरला नवीन बॅटरी घ्यायला वणीला जातो म्हणून पिशवी उचलली.

१२ सप्टेंबर

मोतीचा म्हातारा आला, मोती सायकलमागे पळत. मांडीवर केस न आलेला तळहाताएवढा डाग. त्याने कोहळं आणलं, आणि पेटीला पुन्हा हात लावला. मी त्याला सांगून पाहिलं की मोती पेटीमुळे नाही बरा झाला, साबणामुळे झाला. "असन जी," म्हणाला, आणि पेटीवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली. साबणाची वडी दिली आणि जळालं ऑइल पुन्हा लावायचं नाही असं कबूल करून घेतलं.

संध्याकाळी भावाच्या दुकानावरून आले. ती कॉम्प्रेसरची टाकी त्याने उभी चिरली आहे, दोन अर्ध्या, खाली पाय लावले. एक त्याच्या बैलांच्या पाण्याला. दुसरी माझ्या दारात येते आहे, ढोरं तपासायला येतात तेव्हा पाणी प्यायला. कडा अजून घासायच्या आहेत.